उंदराला घातलेले विष कुठवर जाते?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन संपले, खीर वाटून झाली आणि बायामाणसे चपला शोधत बाहेर पडली. विहाराच्या मागच्या भिंतीलगत, गटारीच्या काठावर, एक घुबड बसले होते. पांढरट अंगाचे, पिंपळाच्या पानासारखा चेहरा असलेले. पुस्तकात याला गव्हाणी घुबड म्हणतात. अजून उजेड होता, तरी ते जमिनीवर होते. माणसे जवळ गेली तरी उडेना. पोरे काठीने ढोसायला लागली, त्यांना मागे सारले. चोचीच्या कोपऱ्याला रक्त सुकले होते. अंगावर जखम कुठेच दिसत नव्हती.

एकजण म्हणाली, “घुबड दारात आलं, आता वस्तीतलं कोणीतरी जाणार.” दुसरी म्हणाली, “मांजा लागला असेल.” मी वनखात्याच्या 1926 या क्रमांकाला फोन लावला. माणूस येईपर्यंत ते मान टाकून गेले.

त्याची पुढे तपासणी झाली की नाही, ते आम्हाला कळले नाही. म्हणून ते घुबड विषानेच मेले असे मी लिहिणार नाही. पण त्याच आठवड्यात वस्तीच्या पाठीमागच्या एका गोदामाच्या भिंतीला निळ्या वड्या ठेवलेल्या आम्ही पाहिल्या होत्या. दोन-तीन दिवसांनी सुस्तावलेले उंदीर भरदुपारी गटारीकडेला फिरताना दिसले होते. आणि आमच्याच गल्लीतले दीड वर्षाचे लेकरू यातलीच एक वडी हातात घेऊन बसलेले त्याच्या आईला सापडले होते.

घुबड, उंदीर आणि लेकरू या तीन गोष्टी एका धाग्यात ओवल्या गेल्या त्या आम्ही लिहायला बसलो तेव्हा. आरोग्याच्या या पानावर आज त्याबद्दल.

आपण विषाला ‘औषध’ म्हणतो

मी वॉर्डात काम करत होते तेव्हा रात्री-अपरात्री कोणाला तरी उचलून आणायचे आणि सोबतचा माणूस सांगायचा, “सिस्टर, औषध घेतलंय.” आपल्या भाषेत या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. उंदराचे औषध, ढेकणाचे औषध, पिकावरचे औषध. शब्दच असा की भीती वाटत नाही. मग ते औषध साखरेच्या डब्याशेजारी ठेवले जाते, बिस्किटाला लावून मोरीत सरकवले जाते.

बाजारात मिळणाऱ्या उंदराच्या विषाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. तीनही वेगवेगळ्या तऱ्हेने मारतात, म्हणून ते ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे काळी भुकटी, झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. यावर उतारा नाही. ही भुकटी सुटी, पुडीत बांधून विकली जाते तेव्हा तिच्यावर नाव नसते, इशारा नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे ट्यूबमधली पेस्ट. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. ती यकृत जाळते. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस रुग्ण बरा दिसतो. घरचे म्हणतात, सुटलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात आणि तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फार थोडे उरते. याच पेस्टने गेलेल्या तरुण मुली मी पाहिल्या आहेत. रागाच्या भरात घेतले आणि दुसऱ्या दिवशी हसत बोलत होत्या.

तिसरा प्रकार म्हणजे निळ्या, हिरव्या किंवा लाल रंगाच्या मेणकट वड्या आणि रंगवलेले दाणे. यात बहुधा ब्रोमाडिओलोन असते. ते रक्त गोठू देत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये झडपेचा हृदयविकार असलेली माणसे आहेत. ऑपरेशननंतर त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची असते आणि दर महिन्याला रक्त तपासावे लागते. ती वॉरफरिनची गोळी आणि ही निळी वडी एकाच घराण्यातली. गोळी डॉक्टर मोजून देतो. वडी त्या गोळीपेक्षा कितीतरी तीव्र असते आणि शरीरात महिनोन् महिने मुक्काम करते.

आपला विषय या तिसऱ्या प्रकाराशी जास्त निगडित आहे.

विष कसे चालत जाते

निळी वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. त्याला तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. तोवर तो रोज येऊन आणखी खातो. एकाला पुरते त्यापेक्षा कितीतरी जास्त विष त्याच्या यकृतात साठते. मग आतल्या आत रक्तस्राव होऊन तो ढिला पडतो, अंधाराची सवय सोडून उघड्यावर येतो, माणसाला भीत नाही. घुबडाला, घारीला, मांजराला, धामणीला अशी शिकार आयतीच मिळते.

घुबडाने एक उंदीर खाल्ला तर त्याला कदाचित काही होणार नाही. पण गव्हाणी घुबड पोसलेच जाते उंदरांवर. पिल्ले असली की एका रात्रीत कितीतरी उंदीर घरट्यात नेते. प्रत्येक उंदरातले थोडे थोडे विष त्याच्या यकृतात जमत जाते. मग एखादी किरकोळ जखम होते आणि तिचे रक्त थांबत नाही. किंवा पक्षी नुसता अशक्त होतो, तारेवर आदळतो, गाडीखाली येतो. पाहणाऱ्याला वाटते अपघात झाला.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून फ्लाको नावाचे एक मोठे घुबड 2023 साली पिंजरा तुटल्यामुळे बाहेर पडले. वर्षभर ते शहरात उंदरांवर जगले. लोक रोज त्याचा ठावठिकाणा लिहून ठेवत, फोटो काढत. फेब्रुवारी 2024 मध्ये ते एका इमारतीजवळ पडून मेले. सगळ्यांना वाटले की धडकले. तपासणीत त्याच्या शरीरात रक्त न गोठू देणारी चार प्रकारची उंदीरविषे सापडली आणि कबुतरांपासून होणारा एक आजारही. नुसत्या डोळ्यांना हे दिसले नसते.

इंग्लंडमध्ये तर हे काम कित्येक दशके चालू आहे. रस्त्यावर, शेतात मेलेले घुबड किंवा ससाणा सापडला की साधी माणसे ते पॅक करून टपालाने सरकारी शास्त्रज्ञांकडे पाठवतात. तिथे यकृत तपासले जाते. अशा तपासलेल्या गव्हाणी घुबडांपैकी दहातल्या आठांहून अधिक जणांच्या यकृतात उंदीरविषाचा अंश सापडत आला आहे. अंश सापडणे म्हणजे त्यानेच मरणे नव्हे. पण विष किती दूर पोचले, हे लोकांनी पाठवलेल्या पक्ष्यांमुळेच कळले.

एक जुनी हकीकत सांगते. 1920 च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गाईगुरे बुरशी लागलेला चारा खाऊन रक्त वाहून मरत होती. 1933 च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या कॅनवरून कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाऱ्यातला तो पदार्थ शोधला आणि त्यातूनच पुढे 1948 साली वॉरफरिन हे उंदराचे विष बाजारात आले. नंतर तेच माणसाच्या हृदयविकारावरचे औषध झाले. म्हणजे या विषाचा जन्मच मुळी एका साध्या माणसाने पुरावा उचलून आणला म्हणून झाला. पुरावा गोळा करायला मोठी पदवी लागते असे नाही.

“मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, आता मोजायची?”

घुबड गेल्यानंतरच्या रविवारी मी विहारात सुचवले की आपण एक वही घालू. वस्तीत आणि आसपास मेलेला, आजारी, सुस्त असा कोणताही प्राणी-पक्षी दिसला की तारीख टाकून लिहायचे. विष कुठे ठेवलेले दिसले तेही लिहायचे.

एक आजी उठून उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, मराठवाड्यातून आलेल्या. म्हणाल्या, “बाई, आमच्या सासऱ्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा. आम्ही सोडलं, त्यापायी मार खाल्ला, गाव सोडलं. आणि तू आता आम्हाला मेलेली जनावरं मोजायला लावतीस?”

सभेत शांतता झाली. मलाही चटकन उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शहरातसुद्धा मेलेला उंदीर उचलायला, गटारात उतरायला, विषाची वडी हातमोज्याशिवाय ठेवायला कोण असते, हे आपल्याला माहीत आहे.

मी त्यांना विचारले, “आजी, तुमच्या गावाकडं ढोर पडलं की गिधाडं यायची का?”

“यायची की. आभाळ काळं व्हायचं.”

“मग बंद कधी झाली?”

आजी विचारात पडल्या. म्हणाल्या, “आम्ही मुंबईला आलो त्यानंतर कधीतरी. धाकटा भाऊ सांगायचा, आता ढोर नुसतं सडतं, गिधाड येत नाही म्हणून.”

भारतातली गिधाडे 1990 च्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. काही जातींची शंभरातली पंचाण्णवहून जास्त संपली. कारण सापडायला 2004 साल उजाडले. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. तोवर आभाळ रिकामे झाले होते.

मी आजींना एवढेच म्हणाले की गिधाड येत नाही हे तुमच्या भावाला शास्त्रज्ञांच्या आधी दिसले असणार. मेलेल्या ढोराजवळ तर आपलीच माणसे उभी होती. पण आपल्याला कोणी विचारले नाही आणि आपणही लिहून ठेवले नाही. ओढणे हे आपल्यावर लादलेले काम होते. लिहिणे आपण स्वतः निवडतो आहोत. मेलेल्या प्राण्याला आपण हात लावायचा नाही. तो उचलणे हे पगारी माणसाचे काम आहे आणि त्याला हातमोजे मिळाले पाहिजेत. आपण फक्त लिहायचे.

आजी पूर्ण पटल्या असे नाही. पण वहीची पहिली नोंद त्यांनीच सांगितली आणि नातीने लिहिली: घुबड, विहारामागे, रविवार, चोचीला रक्त.

उंदीर मारू नयेत असे कोण म्हणते?

हा प्रश्न वहीच्या दुसऱ्याच बैठकीत आला. “ताई, माझ्या पोराचं बोट उंदरानं कुरतडलं. तुम्हाला घुबडाची दया येते, आमची नाही?” रास्त प्रश्न आहे.

उंदीर आपले दुष्मन आहेत, यात वाद नाही. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि राज्यभर पसरला. पुण्यात सावित्रीमाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. आम्ही परिचारिका त्यांना आमच्या पेशाची माय मानतो. 1994 साली बीड जिल्ह्यात पुन्हा प्लेग दिसला. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. तो आजार उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे, जखमांवाटे शिरतो. पावसाळ्यात वस्तीत गुडघाभर पाणी भरते तेव्हा आपण त्याच पाण्यातून चालतो.

तेव्हा उंदीर कमी झालेच पाहिजेत. प्रश्न आहे तो कसे, याचा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये अहिंसेची फार व्यवहारी मांडणी केली आहे. गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे, या दोन्हींत त्यांनी फरक केला आहे. लेकराच्या बोटासाठी उंदीर मारणे ही गरज आहे. पण उघड्या गटारीवर विष फेकून द्यायचे आणि ते पुढे घुबडाला लागते की शेजारच्या पोराला, ते बघायचेच नाही, यात कसली गरज? हा आळस आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवरच्या करुणेची प्रतिज्ञाही आपण घेतलेली आहे.

शिवाय हिशेबाची गोष्टही आहे. घुबड, धामण, मुंगूस, घार हे बिनपगारी उंदीरमारे आहेत. मलेशियातल्या पामच्या मळ्यांत उंदीर कमी करण्यासाठी गव्हाणी घुबडांना मुद्दाम लाकडी पेट्या बांधून दिल्या जातात. आपल्याकडे ठाणे खाडीचे कांदळवन एका बाजूला आणि पारसिकचा डोंगर दुसऱ्या बाजूला. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या आपल्या वस्त्या या दोन्हींच्या मधोमध आहेत. खाडीकाठी सोनेरी कोल्हे आहेत, डोंगराकडून उदमांजरे येतात, धान्याच्या गोदामांभोवती घुबडे आहेत. विषाने घुबड मेले तर उरलेल्या उंदरांना मोकळे रान मिळते. उंदराची पैदास घुबडाच्या कितीतरी पट वेगाने होते. म्हणजे पुढच्या वर्षी उंदीर जास्त आणि विषही जास्त.

वहीत काय दिसले

आमची वही शंभर पानी, किराणा दुकानातली. विहारातल्या कपाटात राहते. रकाने पाच: तारीख आणि वेळ, जागा, काय दिसले, अंगावर जखम होती का, आणि जवळपास विष दिसले का. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, शाळेतल्या मुली लिहितात. फोनवर फोटो काढून ठेवतात.

पहिले काही आठवडे नोंदी विस्कळीत होत्या. मग जागांची नावे पुन्हा पुन्हा येऊ लागली. गोदामाची मागची भिंत, गटारीचे वळण, कचराकुंडीमागचा कोपरा. दोन कावळे, एक मांजर, पिंगळ्याचे एक पिल्लू आणि सुस्त उंदीर. सगळ्या नोंदींमागे विषच होते असे नाही. मांजर गाडीखाली आले होते, तेही तसेच लिहिले. आपल्याला हवे तेच लिहायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवला होता.

गोदामाच्या भिंतीशी वड्या ठेवणारा मुलगा एकदा बायकांना भेटला. तो शेजारच्याच वस्तीतला निघाला. हात उघडे, पायात स्लीपर. वडीचे नाव त्याला माहीत नव्हते. पुडा साहेबाकडे असतो म्हणाला. त्याच हाताने तो डबा खात होता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. तिथेही अंगावर पुरेसे संरक्षण नव्हते आणि कशाचे मिश्रण मारतो आहोत हे अनेकांना ठाऊक नव्हते. विष घुबडापर्यंत पोचते तसे आधी ते आपल्या पोरांच्या हाताला लागते.

वही घेऊन आम्ही पाचजणी गोदामाच्या मॅनेजरकडे गेलो. आधी त्याने टाळले. मग तारखा आणि फोटो पाहिले, लेकराचे दवाखान्याचे कागद पाहिले. महिनाभराने वस्तीकडच्या भिंतीला झाकणाचे, उंदीर शिरेल एवढ्याच भोकाचे कुलूपबंद डबे बसले. मुलाला हातमोजे मिळाले. रस्त्याकडच्या भिंतीला अजून उघड्या वड्या ठेवतात. वहीत त्या लिहिणे चालू आहे.

वहीची मर्यादाही सांगते. आमच्या नोंदींनी काही सिद्ध होत नाही. विष होते की नाही, हे यकृत तपासूनच कळते आणि ते काम प्रयोगशाळेचे. पण प्रयोगशाळेला कुठे आणि कधी बघायचे हे वही सांगू शकते. आणखी एक उपयोग आहे. प्लेगच्या काळात माणसांच्या आधी उंदीर पटापट पडत. विष ठेवलेले नसतानाही वस्तीत एकदम पुष्कळ उंदीर मेलेले दिसले, तर ती नोंद त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवायची.

कायदा आपल्या बाजूने काय देतो

जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिचे नावच ‘लोक’ नोंदवही आहे. वस्तीतली वही तिथे सादर करता येते.

माहितीचा अधिकार कायदा 2005 वापरून आपण विचारू शकतो: आमच्या प्रभागात उंदरांसाठी कोणते विष, किती आणि कुठे वापरले जाते? न खाल्लेले विष आणि मेलेले उंदीर परत गोळा केले जातात का? कामगारांना हातमोजे दिले जातात का? अर्ज दहा रुपयांचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही.

कीटकनाशक कायदा 1968 प्रमाणे विषाच्या पाकिटावर नाव, इशारा, उतारा आणि रंगीत त्रिकोण असावा लागतो. लाल त्रिकोण सगळ्यात घातक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. नाव नसलेली सुटी पुडी विकत घेऊ नका.

घुबड हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित पक्षी आहे. त्याला मारणे, धरणे, विकणे हा गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास करणीसाठी घुबडे पकडतात, तेही 1926 ला कळवा. घुबड अपशकुनी असते, हे आपण विहाराच्या पायरीवर तरी बोलू नये.

घरात आणि गल्लीत काय करावे

विषाआधी उंदराचे जेवण बंद करा. रात्री खरकटी भांडी ठेवू नका, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवा. बोटभर भोकातूनही उंदराचे पिल्लू आत येते. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. गल्लीने मिळून एकाच आठवड्यात हे केले तर फरक पडतो. एकट्या घराने केले तर उंदीर शेजारी जातो.

पिंजरा किंवा चापाचा सापळा वापरा. चिकट पॅडवर उंदीर तासन् तास तडफडतो आणि पाली-चिमण्याही अडकतात. तो टाळलेला बरा.

विष वापरावेच लागले तर कुलूपबंद डब्यात ठेवा, मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असे. उरलेले परत घ्या. मेलेला उंदीर हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधून उचला, दुहेरी पिशवीत बंद करून कचरागाडीत द्या. गटारीत किंवा उघड्यावर फेकला तर घार, कावळा, मांजर तो खाणार.

आजारी घुबड, घार किंवा साप दिसला तर हात लावू नका, पाणी-दूध पाजू नका. पोरांना लांब ठेवा, वर खोके किंवा टोपली पालथी घाला आणि 1926 ला फोन करा.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गरोदर बाईने आणि लहान मुलांसाठी ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ताप, पिंढऱ्यांत कळा, लाल डोळे असे काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

विष पोटात गेले तर

कोणी विष खाल्ल्याची नुसती शंका आली तरी 108 ला फोन करा किंवा रिक्षाने थेट मोठ्या रुग्णालयात जा. वाशी, ऐरोली, नेरुळ इथे महापालिकेची रुग्णालये आहेत.

मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप, तेल देऊ नका. पेस्टमधला फॉस्फरस स्निग्ध पदार्थाबरोबर शरीरात जास्त शोषला जातो. पाकीट, ट्यूब, वडीचा तुकडा, जे मिळेल ते सोबत न्या. पुडा सापडला तर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

मूल हसते-खेळते आहे म्हणून घरी आणू नका. निळ्या वडीचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. पीटी-आयएनआर नावाची रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा दोन दिवसांनी करावी लागते. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंगावर निळे डाग ही लक्षणे आहेत. या विषावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर माणूस वाचतो. आमच्या गल्लीतल्या लेकराच्या आईने वडीचा तुकडा पदरात बांधून नेला. डॉक्टरांनी तो पाहिला, तपासण्या केल्या, दोनदा बोलावून रक्त पाहिले. लेकरू आता बालवाडीत जाते.

आणि घरात कोणी दुःखात असेल, जगणे नको म्हणत असेल, तर विष घरात ठेवूच नका आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. 14416 या क्रमांकावर टेली-मानसची मोफत मदत दिवसरात्र मिळते, मराठीतही. सुनेला, लेकीला हा क्रमांक लिहून द्या.

वही कशी सुरू करावी

पाचजणी पुरेत. येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे मागून घ्या. वही विहारात ठेवा, कोणा एकीच्या घरी नको. नोंद करताना ऐकीव लिहू नका, पाहिलेले लिहा. विष दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहा. दर महिन्याला एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तीन महिन्यांनी त्याची प्रत प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच न घेता कागद देऊ नका.

आमच्या आजी हल्ली दर रविवारी विचारतात, “घुबड दिसलं का गं कोणाला?” मागच्या महिन्यात रात्रपाळीहून परतणाऱ्या एका ताईंना गोदामाच्या कौलांवर एक जोडी दिसली. पिंपळपानासारख्या चेहऱ्याची. त्या दिवशीच्या पानावर नातीने तेही लिहिले आहे: दोन घुबडे, जिवंत, गोदामावर, पहाटे पाच.